ब्रिगिटे रायमानच्या डायऱ्या: दोन खंड, कोणत्या क्रमाने वाचावेत आणि सोबत काय ठेवावं

पूर्व जर्मन लेखिका ब्रिगिटे रायमान २० फेब्रुवारी १९७३ रोजी पूर्व बर्लिनमध्ये कॅन्सरने गेली, तेव्हा तिचं वय ३९ होतं. दहा वर्षं लिहीत आणलेली 'फ्रान्त्सिस्का लिंकरहांड' ही कादंबरी अपुरी राहिली होती. ती अपुऱ्या अवस्थेतच १९७४ मध्ये छापून आली. पत्रं आणि डायऱ्यांतले निवडक वेचे १९८३ मध्ये आले, लेखिका मैत्रीण क्रिस्टा वोल्फबरोबरचा पत्रव्यवहार १९९३ मध्ये, डायऱ्यांचे दोन जाड खंड १९९७ आणि १९९८ मध्ये. १९९८ मध्येच त्या कादंबरीचा न कापलेला पाठ आला. आणि तिच्या जुन्या इमारतीत जिन्याखालच्या अडगळीत सापडलेल्या हस्तलिखितामुळे आणखी एका पुस्तकाची नवी जर्मन आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. पन्नास वर्षं ही बाई हप्त्याहप्त्याने वाचकांपर्यंत येत राहिली, आणि दर हप्त्याला आधी गाळलेलं काहीतरी परत आलं.

इथे परीक्षण आहे ते डायऱ्यांच्या इंग्रजी अनुवादाचं. कोलकात्याच्या सीगल बुक्सने आपल्या जर्मन मालिकेत हे दोन खंड काढले. पहिला, 'आय हॅव नो रिग्रेट्स', १९५५ ते १९६३ या वर्षांचा, लूसी जोन्स यांचा अनुवाद, २०१९. दुसरा, 'इट ऑल टेस्ट्स ऑफ फेअरवेल', १९६४ ते १९७०, स्टेफ मॉरिस यांचा अनुवाद, २०२१. मूळ जर्मन खंड आउफबाउ प्रकाशनाचे, संपादक आंगेला ड्रेशर. प्रकाशक कोलकात्याचा असल्यामुळे पूर्व जर्मनीतल्या लेखिकेचं पुस्तक असूनही ते परदेशातून मागवायची यातायात नाही.

आधी निकाल सांगून टाकते. दोन्ही खंड घ्यावेत. एकच परवडत असेल तर दुसरा घ्यावा, पण त्याआधी पहिला ग्रंथालयातून किंवा कोणाकडून तरी मिळवून वाचावा. दुसऱ्या खंडाची किंमत पहिला वाचल्याशिवाय कळत नाही. पहिल्यात एक तरुण मुलगी नव्या समाजावर मनापासून विश्वास ठेवते, दुसऱ्यात तोच विश्वास एकेक चिरा निखळावा तसा सुटत जातो. सुरुवात ठाऊक नसेल तर दुसरा खंड नुसता तक्रारींचा वाटेल, आणि ते तिच्यावर अन्यायाचं होईल.

रायमानचा जन्म २१ जुलै १९३३ चा, माग्डेबुर्गजवळच्या बुर्ग गावातला. चार भावंडांत थोरली. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, चालण्यात थोडा दोष कायमचा राहिला, आणि त्या आजारपणातच लेखक व्हायचं ठरलं. शाळेनंतर थोडा काळ शिक्षिकेचं काम. हे सगळं डायरीत सापडणार नाही, कारण डायरी सुरू होते १९५५ मध्ये. त्याआधीच्या वह्या तिने १९५९ मध्ये स्वतःच्या हाताने जाळल्या. म्हणून पहिला खंड उघडताच वाचक एकदम मध्यावर जाऊन पडतो. ती बावीस वर्षांची आहे, लग्न झालेलं आहे, दिवस भरण्याआधी जन्मलेलं मूल १९५४ मध्ये गेलेलं आहे, त्यानंतर तिने जीव द्यायचा प्रयत्नही केलेला आहे, आणि पहिली पुस्तकं छापून यायच्या बेतात आहेत. ही चार वाक्यं वाचायच्या आधी माहीत असली तर सुरुवातीची पन्नास पानं सुरळीत जातात. नसतील तर त्या पानांमधली घुसमट कशामुळे आहे हे कळत नाही आणि पुष्कळ जण तिथेच पुस्तक ठेवून देतात.

नावांचा घोळ ही दुसरी अडचण, आणि ती पुस्तकभर पुरते. तिची चार लग्नं झाली. पहिला नवरा ग्युंटर डोमनिक, यंत्र बसवणारा कामगार (१९५३ ते १९५८). दुसरा लेखक झीगफ्रीड पिचमान (१९५९ ते १९६४), पण डायरीत तो बहुतेक वेळा 'डॅनियल' म्हणून येतो. तिसरा हान्स केर्शेक (१९६४ ते १९७०), तो डायरीत 'जॉन' आहे. चौथा एक डॉक्टर, १९७१ चं लग्न, म्हणजे डायरी थांबल्यानंतरचं. एका पुठ्ठ्याच्या खुणेवर एवढं लिहून पुस्तकात घालून ठेवावं: डॅनियल म्हणजे पिचमान, जॉन म्हणजे केर्शेक. पहिल्या खंडाच्या शेवटाकडे दोघंही एकाच पानावर असतात, आणि त्या वेळी ही खूण हाताशी लागते.

त्याच पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला थोडी संक्षेपांची यादी करावी. एसईडी म्हणजे सत्ताधारी पक्ष. रायमान त्याची सभासद कधीच झाली नाही, हे वाचताना सतत ध्यानात ठेवायचं. एफडीजे म्हणजे पक्षाची युवक संघटना. डीएसव्ही म्हणजे लेखक संघ. घर, प्रवास, कागद, मानधन या सगळ्या वाटा त्या संघावरून जात. एनडी म्हणजे पक्षाचं दैनिक. 'ब्रिगेड' हा शब्द आपल्याला लष्कराची आठवण करून देतो, तिथे त्याचा अर्थ कारखान्यात एकत्र काम करणारी कामगारांची तुकडी. 'कोम्बिनाट' म्हणजे एकाच व्यवस्थेखाली आणलेला खाण, वीज, गॅस असा सगळा उद्योगसमूह. आणि 'प्रजासत्ताकातून पलायन' हा तिथल्या कायद्यातला गुन्हा होता. बर्लिनची भिंत उभी राहिली १३ ऑगस्ट १९६१ ला. त्याआधी बर्लिनच्या शहरी रेल्वेने पलीकडे जाता येत असे, जायचं की राहायचं हा प्रश्न घराघरात होता. १९६१ च्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नोंदी वाचताना ही तारीख डोक्यात असायलाच हवी.

पहिल्या खंडातला सर्वांत कठीण भाग १९५७ चा. त्या वर्षी स्टासीने, म्हणजे राज्याच्या गुप्त पोलिसांनी, तिला गाठलं आणि 'कॅथरिन' या टोपणनावाने माहिती देण्याच्या कागदावर तिची सही घेतली. वर्षाच्या शेवटी डोमनिकला पोलिसांशी झालेल्या मारामारीवरून अटक झाली, आणि आपण सहकार्य केलं तर त्याला बरं वागवतील ही आशा त्या भानगडीत मिसळली. नंतर तिने हा प्रकार लेखक संघात उघड सांगितला आणि त्यातून अंग काढून घेतलं. गुप्त पोलिसांच्या खबऱ्यासाठी एकदा गुपित फुटलं की काम संपतं; सगळ्यांना सांगून टाकणं हीच सुटकेची वाट होती आणि ती तिला सापडली. या नोंदी वाचताना एक पथ्य पाळावं: पुढचं माहीत आहे म्हणून आधीच्या पानांवर निवाडा करू नये. डायरीत भीती, फुशारकी, लाज आणि गोंधळ एकाच आठवड्यात येतात. १९५० च्या दशकातल्या चोविशीच्या मुलीने नवरा तुरुंगात असताना काय काय विचार केले असतील, ते इतकं उघडं दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळतं.

त्यानंतर पेत्सोचं लेखकांचं विश्रामगृह, तिथे १९५८ मध्ये पिचमानशी भेट, आणि पुढच्याच वर्षी लग्न. पिचमानची बाजू माहीत असली तर या पानांना वजन येतं. कामगारांच्या जगण्यावरची त्याची कादंबरी १९५९ मध्ये लेखक संघात झोडपली गेली, 'कठोर शैली' असा शिक्का बसला, आणि त्याची विष घेण्यापर्यंत मजल गेली. तो वाचला, पण कादंबरी त्याच्या हयातीत निघाली नाही. तो २००२ मध्ये गेला आणि पुस्तक २०१५ मध्ये आलं. नवरा-बायको दोघांच्याही बाबतीत मुख्य कादंबरी मरणोत्तर.

१९६० च्या सुरुवातीला दोघं हॉयर्सवेर्डाला राहायला गेली, आणि इथून खंड खऱ्या अर्थाने पेट घेतो. का गेली? १९५९ मध्ये बिटरफेल्डच्या परिषदेत धोरण ठरलं होतं की लेखकांनी कारखान्यात जावं आणि कामगारांनी लेखणी हातात घ्यावी. हॉयर्सवेर्डाजवळ 'श्वार्त्से पुंपे' हा लिग्नाइटचा प्रचंड कोम्बिनाट उभा राहत होता. लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा, त्याच्या विटा पाडायच्या, गॅस काढायचा, वीज करायची. रायमान आठवड्यातून एक दिवस तिथल्या ब्रिगेडमध्ये काम करी आणि पिचमानबरोबर कामगारांचं लेखन मंडळ चालवी. धोरण वरून आलेलं होतं हे खरं, पण तिने ते कागदोपत्री पाळलं नाही, हात काळे करून पाळलं. त्या अनुभवातून १९६१ मध्ये 'आनकुन्फ्ट इम आल्टाग', म्हणजे 'रोजच्या जगण्यात आगमन', हे पुस्तक निघालं, आणि त्या नावावरून पूर्व जर्मन साहित्यातल्या एका सबंध प्रवाहाला 'आगमन साहित्य' म्हणायला लागले. पुस्तक स्वतः आज थोडं पातळ वाटतं. त्याच काळातल्या डायरीच्या नोंदी मात्र जराही शिळ्या झालेल्या नाहीत. कारखान्यातलं कौतुक आणि कंटाळा, पैशाची ओढाताण, दोन लेखकांनी एका छोट्या फ्लॅटमध्ये काम करायची पंचाईत, हे सगळं पुस्तकात गाळून घेतलेलं आहे आणि डायरीत गाळाशकट आहे.

डायरी आणि पुस्तक शेजारी ठेवून वाचायची रीत एकदा नीट करून पाहायची असेल तर 'दी गेश्विस्टर', म्हणजे 'भावंडं', घ्यावं. ते छोटं पुस्तक १९६३ चं, त्याला १९६५ चं हाइनरिश मान पारितोषिक मिळालं. लूसी जोन्स यांचाच इंग्रजी अनुवाद 'सिब्लिंग्ज' पेंग्विनने २०२३ मध्ये काढला. प्रत्यक्षात असं घडलं होतं की रायमानचा भाऊ लुट्झ १९६० मध्ये पश्चिमेकडे निघून गेला. पुस्तकात एलिझाबेट ही चित्रकार आहे, कारखान्यात काम करते. तिचा एक भाऊ कोनराड आधीच गेलेला, दुसरा उली जायच्या तयारीत. ती त्याला थोपवण्यासाठी धडपडते, आपल्या पक्षातल्या प्रियकराला, योआखिमला, भावाचा बेत सांगून टाकते, आणि शेवटी उली राहतो. जीवनात गेलेल्या एका भावाचे पुस्तकात दोन झाले, एक गेलेला आणि एक थांबलेला. आधी १९६० च्या वसंतातल्या नोंदी वाचाव्यात, मग पुस्तक, मग परत त्या नोंदी. तिसऱ्या वाचनात कळतं की उली थांबतो तो शेवट पक्षाला खूश करायला ठेवलेला आहे असं म्हणणं किती उथळ आहे. बहिणीला जे जमलं नाही ते लेखिकेने करून घेतलं.

याच पुस्तकाचं हस्तलिखित जिन्याखाली सापडलं. हॉयर्सवेर्डाच्या लिझेलोट्टे-हेरमान रस्त्यावरच्या त्या इमारतीचं २०२२ मध्ये नूतनीकरण चालू असताना कामगारांना अडगळीत कागद मिळाले, त्यांत 'भावंडं'ची हाताने लिहिलेली प्रकरणं होती. छापील १९६३ च्या पाठात आणि हस्तलिखितात फरक आहेत, आणि २०२३ ची जर्मन आवृत्ती त्या शोधाचा फायदा घेऊन केलेली आहे. जर्मन येणाऱ्यांनी घेताना २०२३ ची प्रत मागावी. इंग्रजी अनुवाद मात्र आधीच्या छापील पाठावरून आहे.

आता दुसरा खंड. १९६४ ते १९७० या सगळ्या काळात एकच काम चालू आहे: 'फ्रान्त्सिस्का लिंकरहांड'. १९६३ मध्ये सुरू केलेली ही कादंबरी एका तरुण वास्तुविशारद मुलीची. बड्या घरातली, पुस्तकांचं प्रकाशन करणाऱ्या कुटुंबातली फ्रान्त्सिस्का एका नामांकित प्राध्यापकाच्या हाताखाली शिकते, अवेळी केलेलं लग्न मोडतं, आणि ती स्वतः मागून घेऊन एका नव्या कारखानी गावात नोकरीला जाते. तिथे तिला माणसांनी जगावं असं शहर बांधायचं असतं. हाताला काम येतं ते साच्यातून काढलेल्या झोपायच्या इमारती मोजायचं.

हे नवं गाव म्हणजे हॉयर्सवेर्डाच, आणि तांत्रिक तपशील माहीत असल्याशिवाय डायरीतला संताप नीट पोचत नाही. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे मोठे तयार तुकडे ट्रकने आणायचे, क्रेनने उचलायचे, एकमेकांना जोडायचे, अशी बांधणी तिथे १९५७ पासून सुरू झाली. तुकडे जवळच्या ग्रोस त्साइसिगच्या कारखान्यात तयार होत. युद्धानंतर सात-आठ हजार वस्तीचं गाव ऐंशीच्या सुमारास सत्तर हजारांवर गेलं. घरं झपाट्याने उभी राहिली, कारण साचा एकच, क्रेनचा रूळ सरळ, आणि हिशेब फक्त घरांच्या संख्येचा. इमारत वळवायची तर क्रेनचा मार्ग वळवावा लागे, म्हणून रांगा सरळच. दुकानं, चित्रपटगृह, बसून गप्पा मारायची जागा हे 'नंतर' या खात्यात. १९६३ मध्ये रायमानने तिथल्या वर्तमानपत्रात नव्या शहरावर लेख लिहिला आणि हॉयर्सवेर्डात चुंबन घेता येतं का असा प्रश्न पुढे आला. गावात मोठा वाद झाला, लोक रागावले, काहींना तो आपल्या घराचा अपमान वाटला. नळाचं गरम पाणी आणि स्वतःचं न्हाणीघर आयुष्यात पहिल्यांदा मिळालेल्या कुटुंबाचा तो राग खोटा नव्हता, आणि तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. या लेखामुळेच वास्तुविशारद हेरमान हेन्झेलमान यांच्याशी मैत्री जुळली. पूर्व बर्लिनच्या स्टालिन मार्गावरचे मनोरे ज्यांनी आखले ते हेच. कादंबरीतला प्राध्यापक रेगर त्यांच्यावरून घेतलेला. रायमान ज्या सांस्कृतिक भवनासाठी भांडली ते हॉयर्सवेर्डात १९८४ मध्ये उघडलं. ती जाऊन अकरा वर्षं झाली होती.

दुसऱ्या खंडात वाचकाला सर्वांत जास्त मोलाचं काय मिळतं, तर एक कादंबरी दहा वर्षं का लांबते याची जवळजवळ रोजची नोंद. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. सुरुवातीला ती सत्तेच्या फार जवळ आहे: पक्षाच्या सर्वोच्च समितीच्या युवक आयोगावर, सभासद नसतानाही. १९६४ मध्ये एफडीजेच्या शिष्टमंडळाबरोबर सायबेरियाला जाऊन आली, त्यावर प्रवासपुस्तक लिहिलं. मग डिसेंबर १९६५ चं अकरावं अधिवेशन. त्यात पक्षाने चित्रपट, नाटकं, पुस्तकं यांच्यावर वरवंटा फिरवला, एका झटक्यात वर्षभराचे चित्रपट डब्यात गेले. त्यानंतर आपण लिहितोय ते छापलं जाणार का, ही शंका प्रत्येक प्रकरणाच्या मानेवर बसलेली आहे. त्यातच आधी लिहिलेली प्रकरणं आता तिला स्वतःलाच पटेनाशी होतात. १९६३ ची फ्रान्त्सिस्का आणि १९६७ ची लेखिका यांच्यात अंतर पडलेलं असतं, आणि मग मागे जाऊन सगळं पुन्हा लिहायचं. लिहिणाऱ्या माणसाने ही पानं पेन्सिल घेऊन वाचावीत. पहिल्या प्रकरणातला आवाज शेवटच्या प्रकरणापर्यंत टिकवायचा तर मधल्या वर्षांत आपणच बदलतो त्याचं काय करायचं, हा प्रश्न इतक्या उघडपणे फार कमी लेखकांनी मांडला आहे.

१९६८ मध्ये दोन्ही आघात एकत्र आले. ऑगस्टमध्ये प्रागमध्ये सोव्हिएत गटाचे रणगाडे घुसले, आणि लेखक संघाने पाठिंब्याचं निवेदन काढलं तेव्हा रायमानने सही केली नाही. त्याच वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला, शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबरमध्ये ती हॉयर्सवेर्डा सोडून नॉयब्रांडेनबुर्गला गेली. पुढच्या दोन वर्षांच्या नोंदी विरळ होत जातात आणि त्यांचा स्वर बदलतो. वाक्यं आखूड, नवी घरं, नवे शेजारी, जॉनशी तुटत चाललेलं नातं, आणि मधूनच एखादा दिवस असा की तीन पानं लिहून झाली म्हणून ती आनंदाने वेडी झालेली. या भागात पानं भराभर उलटू नयेत.

अनुवादाबद्दल. दोन खंडांना दोन अनुवादक असल्यामुळे १९६४ च्या जानेवारीत एक सांधा येतो. तो खुपत नाही, कारण त्याच सुमाराला रायमानचाही स्वर बदलतो आहे. खरी हानी वेगळी आहे, आणि मराठी वाचकाच्या ती लवकर लक्षात येईल. जर्मनमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' आहे. पक्षातले सोबती एकमेकांना 'तू' म्हणणार, कचेरीतला साहेब 'तुम्ही'. कोण कोणाला कधी 'तू' म्हणायला लागलं यावर तिथे मैत्री, प्रेम आणि राजकारण तिन्ही मोजले जातात. इंग्रजीत ते सगळं एकाच सर्वनामात विरून जातं. अनुवादकांचा यात दोष नाही, भाषेचाच आहे. पण मराठीत कोणी या डायऱ्या आणल्या तर हा एक पदर फुकटात परत मिळेल, आणि मूळ जर्मनवरून आणायला हव्यात त्याचं हेही एक कारण.

पुण्यात जर्मन शिकणारे पुष्कळ, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. डायऱ्या बी-२ पातळी पार केलेल्याला मुळातून जमतात. वाक्यं सुटसुटीत, शब्द रोजचे. अडतं ते कारखान्याच्या आणि पक्षाच्या शब्दांवर, आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येत असल्याने वीस-पंचवीस पानांत सवय होते. 'फ्रान्त्सिस्का लिंकरहांड' मात्र सी-१ शिवाय हातात घेऊ नये. सहाशे पानांच्या आसपासची कादंबरी, वाक्यं लांबलचक, आणि निवेदन परिच्छेदाच्या मध्येच 'मी'वरून 'ती'वर जातं. फ्रान्त्सिस्का आपली गोष्ट बेन या प्रियकराला उद्देशून सांगते आहे, त्यामुळे मधूनच 'तू' येतो. हे तिन्ही सर्वनामांचे धागे पहिल्या प्रकरणात नीट पकडले नाहीत तर दुसऱ्यात कोण बोलतंय हेच समजत नाही. पहिलं प्रकरण दोनदा वाचणं हाच उपाय.

आणि प्रत निवडताना डोळे उघडे ठेवावेत. १९७४ च्या नॉयेस लेबेन प्रकाशनाच्या आवृत्तीतून सुमारे ४ टक्के मजकूर काढलेला होता, आणि पूर्व जर्मनीतली पुढची मुद्रणं त्याच पाठावरून झाली. जुन्या पुस्तकांच्या बाजारात हीच प्रत स्वस्तात मिळते, मुखपृष्ठावर कुठेही 'संक्षिप्त' असं लिहिलेलं नसतं. ४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण कात्री लागली ती राजकारणाच्या आणि शरीराच्या वाक्यांना. बेनच्या तुरुंगवासासारख्या जागी एखादा उल्लेख गेला की पुढची त्याची कडवट वाक्यं हवेतून आल्यासारखी वाटतात आणि तो नुसता चिडका माणूस ठरतो. माहितीच्या पानावर १९९८ किंवा त्यानंतरचं साल, आउफबाउचं नाव आणि आंगेला ड्रेशर यांचं टिपण तपासावं. ही तिन्ही असतील तर पाठ पूर्ण आहे. शेवटचं, पंधरावं प्रकरण दोन्ही आवृत्त्यांत अपुरंच आहे. ते तिने पूर्ण केलंच नाही, तिथे कोणी काही कापलेलं नाही. १९८३ चे डायरीचे वेचेही तसेच, त्या काळी छापता येईल तेवढेच. संग्रहासाठी ठीक, वाचण्यासाठी घेऊ नयेत.

या डायऱ्यांची एक वाईट सवय वाचकाला लागू शकते. चार लग्नं, मधली प्रेमप्रकरणं, दारू, भांडणं, हे सगळं तिने काहीही न लपवता लिहिलं आहे, आणि त्यामागे धावत पानं उलटली की ती मौजेची वाचनवस्तू होते. तसं वाचलं तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, कारण प्रेमाच्या नोंदी एकमेकींसारख्या होऊ लागतात. कामाच्या नोंदी मात्र कधीच एकसारख्या नसतात. प्रत्येक आठवड्याला 'आज किती लिहिलं आणि का अडलं' ही ओळ शोधावी, तिच्याभोवती बाकीचं वाचावं. मग दिसतं की प्रेमप्रकरणंसुद्धा तिच्यासाठी बऱ्याच वेळा लिखाणाच्या हिशेबात धरलेली होती: जॉनमधून बेन घडला, आणि बेन कागदावर उभा राहत असताना जॉन हातातून निसटत गेला.

सोबत चरित्र हवं असेल तर कार्स्टेन गान्झेल यांचं २०२३ चं जाड चरित्र आहे, जर्मनमध्ये. डायरी आधी, चरित्र नंतर. उलट केलं तर प्रत्येक नोंदीचा अर्थ आधीच सांगितलेला असतो आणि तिच्या आवाजावर दुसऱ्याचा आवाज चढतो.

डायरी डिसेंबर १९७० मध्ये थांबते. उरलेली सव्वादोन वर्षं, म्हणजे चौथं लग्न, पुन्हा पसरलेला आजार, बर्लिन-बुखच्या रुग्णालयातल्या फेऱ्या आणि शेवटच्या प्रकरणाशी चाललेली झटापट, या दोन्ही खंडांत नाहीत. ती १९६४ ते १९७३ च्या क्रिस्टा वोल्फबरोबरच्या पत्रव्यवहारात आहेत. जर्मन खंडाचं नाव 'झाय गेग्र्यूस्ट उंट लेबे', 'नमस्कार, आणि जगत राहा'. तो दुसऱ्या खंडाला लागून लगेच वाचावा, मध्ये दुसरं पुस्तक घेऊ नये. या पत्रांत एकीकडे रुग्णालयातली खाट आहे आणि दुसरीकडे अमुक प्रकरण अजून जमत नाही ही हातघाई, बहुतेक वेळा एकाच पत्रात, एकाच परिच्छेदात.